झाड लावणारे आणि झाड राखणारे

मी बीडचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस दोनच गोष्टी विचारतो. एक, यंदा पाऊस कसा आहे? दोन, तुमच्याकडचं राजकारण काय म्हणतंय? गेल्या दोन-तीन वर्षांत दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्तच धार आली आहे. ते साहजिक आहे, आमच्याकडच्या बातम्याच तशा होत्या. पण मला स्वतःला कोणी विचारलं तर मी तिसरीच गोष्ट सांगतो. 2020 च्या फेब्रुवारीत, 13 आणि 14 तारखेला, बीडजवळच्या पालवणला वृक्ष संमेलन भरलं होतं आणि त्या संमेलनाचा अध्यक्ष होता एक वड!

आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून किती रुसवेफुगवे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे अध्यक्षाने भाषण केलं नाही, कोणावर टीका केली नाही, मानधन मागितलं नाही. पालवणच्या डोंगरावर वनविभागाच्या जमिनीत उभ्या राहिलेल्या 'सह्याद्री देवराई'चा हा सोहळा. त्यामागची ठळक नावं म्हणजे अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप. 'चला हवा येऊ द्या'मधली पत्रं लिहिणारे म्हणून जगताप घराघरांत पोचले होतेच. शिंदे यांच्याबद्दल मी काय वेगळं सांगणार? सातारा जिल्ह्यातल्या छोट्या गावातून आलेला, पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी केलेला हा माणूस पुढे हिंदी आणि दक्षिणेच्या सिनेमांत गाजला. त्याने आईची तुला केली ती पैशांनी नाही, देशी झाडांच्या बियांनी. मला हे फार आवडलं. देवाला नवस बोलताना आपण गूळ तोलतो, याने बिया तोलल्या.

हे सगळं छानच आहे. आमच्यासारख्या जिल्ह्यात तर फारच. बीड जिल्ह्याचं वनक्षेत्र दोन-तीन टक्क्यांत संपतं. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश भाग झाडाखाली असावा असं म्हटलं होतं, तो आकडा आमच्या बालाघाटाच्या बोडक्या माळावर उभं राहून वाचला तर हसू येतं. अशा ठिकाणी कोणी नट येऊन झाडासाठी गर्दी जमवत असेल तर त्याचं मोल आहे. "फोटोसाठी करतात हो सगळं" असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत. मला ते पटत नाही. फोटो काढला म्हणून पोरं आली, पोरं आली म्हणून खड्डे खोदले गेले. एरवी या माळाकडे कोण बघत होतं?

पण तरीही मला एक गोष्ट सांगायची आहे. झाडांच्या कामात आपण लावणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतो आणि राखणाऱ्याचं विसरतो. आणि निदान बीडमध्ये तरी ही विसर परवडणारी नाही.

जरा साधा हिशेब करू. रोप लावतात जून-जुलैमध्ये. तेव्हा सगळं हिरवं असतं, मंत्री असतात, शाळेची मुलं असतात. पावसाळाभर रोपाला काही लागत नाही, लागलाच तर गवताचा त्रास. आमच्याकडे वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आष्टी-पाटोद्याकडे त्याहून कमी. तोही ऑक्टोबरपर्यंत आवरता घेतो. मग खरी परीक्षा सुरू होते. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण वीस आठवडे धरा. एका रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरा, म्हणजे मोठी बादली. हजार रोपं असतील तर आठवड्याला दहा हजार लिटर. म्हणजे एक टँकर. वीस आठवड्यांचे वीस टँकर. आणि तेही फक्त हजार रोपांचे! टँकर डोंगरावर चढत नाही, तो पायथ्याला थांबतो. तिथून वर पाणी कोणीतरी डोक्यावर, खांद्यावर किंवा पाइप ओढत नेतं. आळं मोडलं असेल तर ते पुन्हा करतं. शेळ्या आल्या तर हाकलतं. होळीच्या सुमारास गवत वाळून कोळ झालेलं असतं, तेव्हा जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा साफ करून ठेवतं, म्हणजे आग पलीकडे जाणार नाही. पालवणच्या डोंगरालाही आगीने गाठलं होतं. ज्याने कधी रोप वाढवलं आहे त्याला कळेल, दोन-तीन वर्षांचं पोर हातचं जावं तसं ते असतं.

आता आमच्या जिल्ह्याची खरी गोम. ही वीस आठवड्यांची चाकरी ज्यांनी करायची, ते गावात असतात कुठे? दसरा-दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, कधी त्यानंतरही. म्हणजे रोपाला माणूस हवा असतो नेमका तेव्हा गावातला धडधाकट माणूस दुसऱ्याच्या उसात असतो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. झाडं का मरतात याची कारणं सांगताना आपण पाऊस, जमीन, शेळ्या अशी यादी काढतो. माझ्या मते बीडमध्ये झाड मरण्याचं एक मोठं कारण म्हणजे हिवाळ्यात रिकामं होणारं गाव.

आमच्या एका काकूंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. कुठल्याशा वृक्षारोपणाची बातमी वाचून त्या म्हणाल्या, "लावलं म्हणू नका रे, जगलं की सांगा." काकू वाचत असतील तर त्यांना नमस्कार. तुमचं वाक्य ढापलं आहे.

सरकारी आकड्यांकडे बघितलं तर हेच दिसतं. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडं लावण्याचे संकल्प केले. सगळे मिळून पन्नास कोटींच्या वर. पुढे 2021 मध्ये यातली 33 कोटींची लागवड तपासायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. आमच्या बीडमध्येही 2025 च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवसात लाखो रोपं लावली गेली. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण बघा ना, यातला प्रत्येक आकडा 'लावण्याचा' आहे. एका दिवसात लाखो रोपं लावता येतात. एका दिवसात लाखो रोपं जगवता येत नाहीत, त्याला तीन उन्हाळे लागतात. तीन उन्हाळ्यांचा सोहळा करायला कोणी येत नाही.

देवराई या शब्दाकडेच बघा. सह्याद्रीतल्या जुन्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात केला, आणि शहरातल्या लोकांना हा शब्द नव्याने कळला. त्या राया कोणी 'लावल्या' नव्हत्या, त्या राखल्या होत्या. देवाची जागा आहे, तिथली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हा धाक होता. तो धाकच तिथला राखणदार. आमच्या माळावर नवी देवराई करताना झाडं आणता येतात, नावही आणता येतं, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा तो धाक आणता येत नाही. मग त्याच्या जागी काय ठेवणार? माझं उत्तर सरळ आहे. माणूस ठेवायचा, आणि त्याला मजुरी द्यायची.

हे काही मी शोधलेलं नाही. बिहारमध्ये रोजगार हमीतून एक पद्धत निघाली होती. दोनशेच्या आसपास झाडांचा एक गट करायचा, तो गावातल्या काही गरजू कुटुंबांच्या हाती द्यायचा, आणि झाड जगेल तशी त्यांना काही वर्षं मजुरी द्यायची. आपल्याकडे ती 'बिहार पॅटर्न' म्हणून आली. रोजगार हमी तर आपल्या महाराष्ट्राचीच देणगी, 1972 च्या दुष्काळाने शिकवलेली. विचार करा, एखाद्या जोडप्याला गावातच चार-पाच महिने झाडं राखायची मजुरी वेळेवर मिळाली, तर ते उचल घेईल का? काही घेतीलच, कारण उचलीची रक्कम एकदम हातात येते. पण काही थांबतील. त्यांची पोरं शाळेत राहतील. म्हणजे एका डोंगरावर दोन गोष्टी जगतील.

कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्का नोव्हेंबर 2025 मध्ये गेल्या. शंभरी ओलांडलेल्या होत्या. निरक्षर, मजुरी करणारी बाई. नवऱ्याबरोबर तिने हुलिकल ते कुडूर या रस्त्याच्या कडेला शेकडो वड वाढवले. सरकारने 2019 मध्ये पद्मश्री दिली. तिची गोष्ट सांगताना लोक वडांची संख्या सांगतात. मला मात्र तिच्या घागरी जास्त दिसतात. नवरा-बायको कोसन्‌कोस घागरीने पाणी नेत, रोपांना काट्यांचं कुंपण करत. तिम्मक्का 'लावणारी' म्हणून मोठी झाली नाही. ती राखणारी होती.

आणि लोकप्रिय माणसांचं काम काय मग? तेही आहे, आणि मोठं आहे. राखणारा माणूस मंत्र्याला फोन करू शकत नाही, नट करू शकतो. 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा सयाजी शिंदे उघडपणे विरोधात उभे राहिले. 2024 मध्ये ते ज्या पक्षात गेले तो तेव्हा सरकारात होता, तरीही. ते राजकारणात गेले तेव्हा आमच्याकडे कुत्सित बोलणारे बरेच होते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. एक झाड तोडा, बदल्यात दहा लावू, असं म्हणणं किती पोकळ आहे ते डोंगरावर पाणी वाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक लागवडीच्या जागी पाटी असते : अमुक यांच्या शुभहस्ते. त्याच्याखाली दुसरी ओळ हवी, ही झाडं राखतात अमुक-तमुक. वनमजूर असो, गावातला म्हातारा असो, ऊसतोडीला न गेलेली बाई असो. आणि पाटीच्या आधी त्यांच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पैसे. झाडांची संख्या पहिल्या दिवशी मोजूच नये. तिसऱ्या मे महिन्यात मोजावी, आणि त्या आकड्याचा सत्कार करावा. पालवणच्या वडाला अध्यक्ष केलं ते उत्तमच झालं. पुढचं संमेलन झालं तर स्वागताध्यक्ष म्हणून एखादा पाणी वाहणारा माणूस बसवा. तो भाषण करणार नाही कदाचित, पण कुठलं रोप कशाने गेलं हे त्याला तोंडपाठ असेल.

असो. तुमच्या गावाजवळ असा डोंगर असेल आणि तिथे पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत नसेल, तर येत्या एप्रिलमध्ये जाऊन विचारा. जाताना एक कॅन पाणी घेऊन जा.