मुदत संपते, व्याधी उरते

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले, तेव्हा त्यांचे काही बळी अद्याप जन्मालाही आले नव्हते. ते मातेच्या उदरात होते. पुढे त्यांपैकी काहींची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली, काहींना फेफऱ्याने ग्रासले. अशा मुलांच्या पालकांनी १९६५ साली हिरोशिमात ‘किनोको-काई’ ही संघटना स्थापन केली. या व्याधीचे मूळ बॉम्बमध्येच आहे, हे जपान सरकारने १९६७ साली मान्य केले. त्याला २२ वर्षे लागली.

फेफऱ्याविषयीचा पुरावा त्याहूनही उशिरा हाती आला. गर्भधारणेनंतरच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत ०.१० ग्रेहून अधिक किरणोत्सर्ग झालेल्यांमध्ये फेफऱ्याचे प्रमाण सर्वाधिक असून मात्रेबरोबर ते वाढत जाते, असे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तीव्र मतिमंदत्व असलेले रुग्ण वगळल्यास हा संबंध क्षीण होतो, हेही सांगितले पाहिजे. तथापि त्यामागील कारणमीमांसा समजण्यासारखी आहे. नेमक्या याच आठवड्यांत मज्जापेशी मेंदूच्या बाह्य स्तराकडे प्रवास करीत असतात. किरणोत्सर्गाने काही पेशी मरतात, काहींची वाट चुकते. मग उत्तेजन आणि दमन यांचा मेंदूतील तोल ढळू शकतो. विद्युत्संदेश अनावर झाले की झटका येतो.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे २०१० साली झालेल्या आण्विक हानीच्या नागरी दायित्वाच्या कायद्याने शारीरिक इजेच्या दाव्यासाठी अपघातापासून २० वर्षांची मुदत घातली होती. १९९७ च्या व्हिएन्ना करारदुरुस्तीने ती ३० वर्षे धरली. हिरोशिमाच्या मुलांना सरकारी मान्यताच २२ वर्षांनी मिळाली आणि फेफऱ्याचा पुरावा ४५ वर्षांनी! त्यांना हे नियम लागू असते, तर पुरावा येण्यापूर्वीच दार बंद झाले असते.

बॉम्ब आणि अणुभट्टी एक नव्हेत, हे उघड आहे. १९६९ पासून तारापूरला वीज निर्माण होत आली म्हणून कोणी भयभीत होण्याचे कारण नाही. अमर्याद काळाची जोखीम कोणतीही विमा कंपनी पत्करणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु जमाखर्चातून वगळलेली हानी नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी घरात जाऊन बसते. येथे ती आजन्म शुश्रूषा करणाऱ्या आईच्या पदरात पडते.

म्हणून कायदे कितीही बदलले, तरी दोन तरतुदी अत्यावश्यक आहेत. अपघात घडताच परिसरातील प्रत्येक गर्भवतीची व तिला मिळालेल्या मात्रेची नोंद व्हावी आणि ती आयुष्यभर जपली जावी. दुसरे, चालकाच्या दायित्वाची मुदत संपल्यावर तो भार शासनाने स्वीकारावा. विजेचा लाभ सर्व समाज घेतो. तिच्या उत्पादनात अपघात घडल्यास उशिरा उमटणाऱ्या व्याधीचा खर्च एकट्या कुटुंबाने सोसावा, हा कोणता न्याय?