असरची सावली आणि दहावीची भूमिती

दहावीच्या गणित भाग २ मधलं पहिलंच प्रकरण 'समरूपता'. मुलं तिथेच धास्तावतात आणि मोठी माणसं "आम्हाला कधी जमलं नाही" म्हणून हात झटकतात. पण हा हिशेब आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. असरची वेळ कशी ठरते? काठीची सावली काठीएवढी झाली की शाफई मसलकात, म्हणजे बहुतेक कोकणी घरांत, वक्त सुरू होतो. हनफी मसलकात दुप्पट झाल्यावर. (भर दुपारची सावली त्यात वेगळी मिळवायची. मुंबईत मेच्या मध्यावर ती शून्य, डिसेंबरअखेर मीटरभर काठीची सुमारे ०.९ मीटर.)

काठी किती लांब, हे कोणी विचारत नाही. सूर्यकिरण समांतर येतात, काठी आणि मिनार दोन्ही जमिनीशी काटकोनात. दोन कोन सारखे झाले की त्रिकोण समरूप, आणि उंची-सावलीचं गुणोत्तर एकच.

मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्या (बुधवारी बंद असते!) आणि सरळसोट झाड निवडा. १ मीटर काठीची सावली १.५ मीटर आली, त्याच वेळी झाडाची १२ मीटर, तर झाड १२ भागिले १.५, म्हणजे ८ मीटर. वर्गात निम्मी मुलं १८ काढतात. बाजू उलट्या जोडल्या की असं होतं: उंचीखाली उंची, सावलीखाली सावली हवी. अशा वेळी मी एवढंच विचारते, "काठी सावलीपेक्षा आखूड, मग झाड सावलीपेक्षा उंच कसं?" खोडणं त्यांचं तेच करतात.

आणि अम्मींनो, "मुलीला भूमिती कशाला" हे तिच्यासमोर नको. तिला पॉलिटेक्निकला जायचं असेल तर दहावीचं गणित लागतंच.

मदनपुऱ्याच्या गल्लीत सावली समोरच्या भिंतीवर चढते. तिथे आरसा वापरा. सपाट जमिनीवर तो ठेवा आणि इमारतीचं टोक त्यात दिसेपर्यंत मागे सरका. डोळ्यांची उंची १.४ मीटर, पाय आरशापासून १ मीटर, आरसा इमारतीपासून ८ मीटर असेल, तर उंची ११.२ मीटर. मग मजले मोजून ताडून पाहा. एक मजला साधारण ३ मीटरचा धरा.