गेमसाठी ऑनलाइन वर्गणी: टार्गेट पूर्ण झालं, मग गेम कुठे अडकला?

लातूरकरांना वर्गणीची ताकद वेगळी सांगायला नको. 2016 मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी लोकवर्गणीतून मांजरा नदीच्या खोलीकरणाचं काम झालं. क्राउडफंडिंग म्हणजे हेच, फक्त ऑनलाइन. मग नांदेड-लातूरच्या पोरांनी स्वतःच्या गेमसाठी अशी वर्गणी मागितली तर? जमेल का? आणि जमली तरी गेम वेळेत येईल का?

पुण्यात काय झालं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर मोहीम चालवली. टार्गेट एक लाख पौंडांच्या वर होतं, ते गाठता आलं नाही. किकस्टार्टरचा नियम सरळ आहे: टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे, नाहीतर एक रुपयाही नाही. तरी टीम थांबली नाही. एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला. म्हणजे मोहीम फसल्यावर जवळपास तीन वर्षांनी.

पैसे जमूनही उशीर का होतो?

साधा हिशोब करू. समजा, चौघे मित्र दीड वर्ष गेम बनवणार. प्रत्येकाला महिन्याला फक्त 20,000 रुपये धरले तरी 14 लाख 40 हजार होतात. एवढा आकडा बघून लोक मागे सरतील, म्हणून टार्गेट ठेवलं 4 लाख. ते पाच महिन्यांत संपतात. मग दिवसा नोकरी, रात्री गेम. अपडेट येणं इथूनच कमी होतं. याला लगेच फसवणूक म्हणता येत नाही. टार्गेटच खऱ्या खर्चापेक्षा कमी होतं.

मोठ्या नावांचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या टीमच्या ‘हॉलो नाइट’ला 2014 मध्ये टार्गेटपेक्षा जास्त पैसे मिळाले आणि गेम 2017 मध्ये आला. त्याच मोहिमेत कबूल केलेल्या जादा भागाचा पुढे वेगळा गेम झाला, ‘सिल्कसाँग’. तो यायला सप्टेंबर 2025 उजाडलं!

आपल्याकडची अडचण

किकस्टार्टरवर मोहीम सुरू करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. केट्टो, मिलाप यांची ओळख मुख्यतः उपचारांच्या मदतीसाठी. शिवाय नदीत चाललेला जेसीबी सगळ्यांना दिसतो. दोन महिने लिहिलेला कोड कुणालाच दिसत नाही. विश्वास बसायचा तर काम दिसायला हवं.

पैसे देण्याआधी एवढं बघा

- खेळता येईल असा डेमो आहे का? नुसत्या ट्रेलरवर जाऊ नका.
- किती जण, किती महिने, किती खर्च, हे लिहिलंय का?
- उशीर झाला तर टीम तो स्वतःहून सांगते का?
- ही खरेदी नाही. गेम आलाच नाही तरी चालेल, एवढीच रक्कम द्या.

खिसा रिकामा आहे? तरी मदत होते

प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खातं उघडणाऱ्या डेव्हलपरला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस जोडलेले ठेवावे लागतात. ओळखीतलं कुणी गेम बनवत असेल, तर त्या बारांपैकी एक व्हा. गेम कुठे अडकतो, कुठे बोअर होतो, ते स्पष्ट सांगा. यासाठी तुमच्या हातातला फोन पुरेसा आहे.