सातारा-देवळाई शहरात आली, नळाचं काय?

उस्मानपुऱ्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एकाला रेल्वे लाईनच्या पलीकडे जावं लागतं. इथले भाव झेपत नाहीत. मग सातारा-देवळाई, नाहीतर पार दुसऱ्या टोकाला पडेगाव-मिटमिटा. 20 बाय 30 चा प्लॉट, बाँड पेपरवर घेतलेला. गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो, हा 600 चा, म्हणजे धड गुंठाही नाही. तरी घर स्वतःचं, हवा मोकळी, पोरांना खेळायला जागा. हे सुख खोटं नाही.

अडतं ते पाण्यापाशी. बोअर उन्हाळ्यात आटतो, मग टँकर. घरातल्या वापराला टँकर, मस्जिदीत वुजूला टँकर. दर महिन्याचा हा खर्च कोणत्याच करपावतीवर दिसत नाही, पण तो करच आहे आणि तो गरिबाला जास्त बसतो.

सातारा आणि देवळाई 2014 पर्यंत ग्रामपंचायती होत्या. त्यांची नगर परिषद झाली आणि 2015 मध्ये तीही जाऊन भाग मनपात आला. वर्षभरात गावाचं महानगर झालं, पण कागदावर! एप्रिल 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षं प्रशासक. म्हणजे ज्या काळात या वसाहती वाढल्या, त्याच काळात गाऱ्हाणं ऐकायला वॉर्डाचा माणूस नव्हता.

जायकवाडीवरून नवी पाणी योजना आली. 1680 कोटींची, भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये. पुढे खर्च 2740 कोटींवर गेला. मलिक अंबरच्या नहरीचं आपण फार कौतुक करतो, पण त्यानं आज बादली भरत नाही.

जलवाहिनी नाथसागरातून शहरापर्यंत आणणं हे अर्धंच काम. कॉलनीतल्या पाईपलाईनचं वेळापत्रक विचारलं पाहिजे, आणि ते गल्लीच्या नावासकट, लेखी. ‘तुमची वस्ती अनधिकृत’ हे जुनं उत्तर येईल. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट उघडली. ज्यांनी फाईल टाकून पैसे भरले, त्यांना हे उत्तर देता येत नाही. ज्यांनी टाकली नाही, त्यांनी चौकशी करावी. घरपट्टीच्या पावत्याही जपून ठेवा, अर्जाला जोडायला लागतील.