रानपिंगळ्याच्या नावाने येणारा पैसा



मागच्या बैठकीत एक पत्र वाचून दाखवलं होतं. बाहेरची एक अभ्यासकांची टीम आपल्या सात गावांच्या जंगलात तीन वर्षं रानपिंगळ्याचा अभ्यास करणार आहे. पैसा परदेशातल्या एका निधीतून मंजूर झालाय, वनखात्याची परवानगीही मिळालीय. पत्रात 'स्थानिक समाजाच्या सहकार्याने' असं दोन वेळा लिहिलंय. आपल्याला मात्र सगळं ठरून गेल्यावर कळवलं. बैठकीत खूप आरडाओरड झाली. पोरं म्हणाली, गाडी फाट्यावरच अडवा. म्हातारी माणसं म्हणाली, त्या पाखराने आपलं काय वाईट केलंय? निर्णय काही झाला नाही, आणि यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आधी मी माझ्या घरचं सांगते.

मी अकरावीत असताना आमच्या पाड्यावर अशीच एक टीम आली होती. चांगली पोरं होती. आमच्याबरोबर बसून भाकर खायची, उगाच साहेबपणा करायची नाहीत. माझा काका त्यांना जंगलात न्यायचा. मला लिहिता येतं म्हणून मी नोंदवही धरायचे. झाडाचं नाव काका आमच्या भाषेत सांगायचा, मी मराठीत लिहायचे, मग ते लोक त्याचं शास्त्रीय नाव टाकायचे. काकाला हजेरी मिळायची, मला हजेरीच्या निम्मी. दहा-बारा दिवस फिरूनही त्यांना घरटं सापडलं नव्हतं. मग एका सकाळी काकाने आपल्या नेवाडाच्या कडेची एक जुनी ढोली दाखवली. आत पिल्लं होती. त्या दिवशी ती माणसं लहान पोरासारखी नाचली. काकाचा फोटो काढला, ढोलीचा जीपीएस घेतला.

पुढे वनहक्काचे दावे भरले. काकाने दोन एकराचा दावा टाकला. म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाची पावती, शेताचा बांध, सगळे पुरावे जोडले. उपविभागीय समितीत फाईल गेली आणि दावा नामंजूर होऊन आला. शेऱ्यात लिहिलं होतं की ही जागा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची आहे, आणि अभ्यास अहवालात अतिक्रमण हा त्याला धोका म्हणून नोंदवलेला आहे. ज्या माणसाने ढोली दाखवली त्याच्याच दाव्यावर त्या ढोलीचा शेरा! अहवालात काकाचं नाव कुठेच नाही. 'स्थानिक वाटाड्या' एवढंच. तो अहवाल इंग्रजीत आहे, आणि मला मिळाला तोही समितीच्या फाईलमधून, झेरॉक्स करून.

काका मला म्हणाला, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सांगेन, या जंगलात पाखरू नाही.

मला त्याचं हे बोलणं शेऱ्यापेक्षा जास्त लागलं. कारण जे लोक पाखरू वाचवायला आले, त्यांनी पाखराचा राखणदारच घालवला. आणि हे त्यांनी मुद्दाम केलं असं मला अजूनही वाटत नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पण प्रश्न त्यांचा, पैसा त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे. आमच्याकडे फक्त हजेरी.

आता त्या पाखराबद्दल थोडं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्याशा घुबडासाठी एवढा बोभाटा कशाला. रानपिंगळा १८७२ साली आजच्या छत्तीसगडात पहिल्यांदा इंग्रजांच्या नोंदीत आला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच शहादा-तळोदा भागातून तो मारून नेला. १८८४ नंतर मात्र कुणालाच दिसला नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून सात कातडी उरली होती आणि पाखरू संपलं असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. मध्ये मायनर्टझॅगन नावाच्या एका इंग्रज कर्नलने सांगितलं होतं की मला तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळाला. म्हणून लोक पुढे तिकडेच शोधत राहिले. नंतर उघड झालं की कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचंच एक कातडं लंडनच्या संग्रहालयातून उचललं होतं, नव्याने शिवलं होतं आणि वर खोटी चिठ्ठी लावली होती. ही चोरी पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी शोधून काढली. खोटी नोंद बाजूला केल्यावर खरी जागा उरली ती आपली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, त्यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

त्यांच्यासाठी ११३ वर्षांनी. आपले गुराखी त्याला रोज बघत होते. तो काही फक्त रात्रीचा नाही, दिवसाढवळ्या उन्हात बसतो, शेपटी हलवतो, सरडे-उंदीर धरतो. फक्त आपल्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि आपल्यालाही माहीत नव्हतं की हे जगात दुसरीकडे जवळपास नाही. तोरणमाळ, यावल, मेळघाट, पलीकडे मध्य प्रदेशात थोडं, असं सातपुड्यातच त्याचं मुख्य घर आहे.

एका कर्नलच्या खोट्या चिठ्ठीने शास्त्रज्ञांची कितीतरी वर्षं वाया गेली. कागदावर एकदा लिहिलं गेलं की ते खरं धरलं जातं. काकाच्या फाईलवर 'अतिक्रमण' हा एक शब्द आहे, तोही आता खरा धरला गेलाय. काकाचं नेवाड त्याच्या बापापासूनचं आहे, ढोली त्याच्याच बांधावर टिकली, हे कुठल्या वहीत आलं?

आणि जंगल नेमकं कुणी तोडलं हेही लिहा ना. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी सरकारने १९९० च्या पुढे-मागे तळोद्याचं ४,२०० हेक्टर राखीव जंगल दोन टप्प्यांत मोकळं केलं. डेव्हिडसनने पाखरं नेली तोच हा पट्टा. तिथे बसलेले लोक आपलेच भाऊ आहेत, बुडितातून आलेत, त्यांच्यावर माझं बोट नाही. पण ते जंगल उतरलं तेव्हा कोणत्या पाखराचा अभ्यास झाला होता? धरणाला हजारो हेक्टर चालतं, काकाचे दोन एकर चालत नाहीत.

तरी मी म्हणते, टीमला अडवू नका. का, ते सांगते.

वनहक्क कायद्याचं कलम ४(२) बघा. वन्यप्राण्यांसाठी एखादी जागा अबाधित ठेवायची, तिथले हक्क बदलायचे, तर सरकारला आधी सगळे हक्क मान्य करावे लागतात. लोकांच्या वावराने प्राण्यांचं भरून न येणारं नुकसान होतं हे सिद्ध करावं लागतं. माणूस आणि प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत हेही दाखवावं लागतं, आणि वर ग्रामसभेची संमती लागते. आता सिद्ध करणार कशाने? अभ्यासाने. उद्या असा प्रसंग आला तर एकच अहवाल टेबलावर असेल, त्यांचा. आपण टीमला फाट्यावरून परत पाठवलं तर ती शेजारच्या रेंजमध्ये बसून उपग्रहाच्या फोटोवरून आपल्याबद्दल लिहील. नोंदी आपल्याही हातात पाहिजेत. अभ्यासकांनीच लिहिलंय की हे पाखरू घनदाट जंगलातलं नाही, उघड्या, विरळ, कोरड्या सागाच्या जंगलातलं आहे. म्हणून नेवाड त्याला चांगलं, असं मी म्हणणार नाही. तशी उडी मारणं म्हणजे आपणही कर्नलच झालो. पण मोजा तर खरं. नेवाडाच्या कडेला किती ढोल्या, आत किती, कूप तोडलेल्या भागात किती. हा प्रश्न अभ्यासात बसवायचा असेल तर अभ्यास ठरतानाच आपण तिथे पाहिजे, पैसा मंजूर झाल्यावर नाही.

पोरं विचारतात, असं कुठे झालंय का? झालंय. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं, त्यांची फिरती शेती बंद झाली, उन्हाळ्याच्या तोंडाला लावायची हलकी आगही बंद झाली. मग जंगलात घाणेरी माजली. म्हातारे सोलिगा सांगत होते की आग बंद केली म्हणून ही माजली. ते कोणी ऐकत नव्हतं. बंगळुरूच्या अत्री संस्थेचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं सोलिगांबरोबर राहिले, त्यांचं म्हणणं मोजून तपासलं आणि शास्त्राच्या मासिकात छापलं. त्यांच्या देवस्थानांचे नकाशेही दोघांनी मिळून केले. २०११ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि त्याच वर्षी २५ ग्रामसभांना सामूहिक वनहक्कही मिळाले. सगळं गोड झालं असं नाही, त्यांचं भांडण चालूच आहे. पण भांडताना हातात कागद आहे.

आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने तर अभ्यास गटच काढला. बाहेरचा माणूस आला तरी तो गटात बसून, गावाला सांगून शिकतो. गाव आपली माहिती आधी आपल्यासाठी गोळा करतं. १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क त्यांनी असा मिळवला.

म्हणून कार्यकारिणीत चर्चा करून आम्ही काही अटी काढल्या आहेत. टीमने सात गावांत येऊन ग्रामसभेत आपल्या भाषेत सांगावं की पैसा किती, कशाकशावर खर्च होणार, आणि शेवटी कागद कुणाला देणार. आम्हाला कळलंय त्याप्रमाणे अंदाजपत्रकात गाडी आहे, कॅमेरे आहेत, संस्थेचा कार्यालयीन खर्च आहे, आणि आपल्यासाठी 'मजुरी' असं एक खातं आहे. ते खातं बदलावं लागेल. प्रत्येक गावातून एक मुलगा, एक मुलगी तीन वर्षांसाठी मानधनावर, त्यांना नोंदी घेणं, जीपीएस, नकाशा सगळं शिकवायचं, आणि अहवालावर त्यांचं नाव लेखक म्हणून. वाटाड्या म्हणून नाही. वहीची एक प्रत ग्रामसभेत राहील, मराठीत. छापायच्या आधी अहवाल गावात वाचायचा, आणि गावाचं वेगळं मत असेल तर तेही आत छापायचं. घरट्याची नेमकी जागा ग्रामसभेच्या परवानगीशिवाय कोणालाच द्यायची नाही, खात्यालाही नाही. यात पाखराचाही फायदा आहे, कारण घुबडाचा धंदा करणारे लोक आहेत, दिवाळीच्या आधी ते कुठपर्यंत येतात ते आपल्याला माहीत आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत लोकांची नोंदवही व्हायला पाहिजे, आपल्याकडे ती कपाटातसुद्धा नाही. या पैशातून ती पण करून घ्यायची.

अटी फक्त त्यांनाच नाहीत. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव राखायची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे, हक्काबरोबर हेही आलंय. आपल्या पोरांच्या गळ्यात गलोल असते आणि घुबड दिसलं की पहिला दगड त्यालाच. घरावर बसलं तर कोणीतरी मरणार म्हणतात. मला तर हे पाखरू आणि डाकीण ठरवलेली बाई एकसारखीच वाटते, गावात काही झालं की दोघांवर नाव. डाकीण प्रथेविरुद्ध आपण मोर्चे काढले, मग हेही सोडा. मोह वेचायला खालचा पाला पेटवतो, ती आग कोण विझवतं? वाळलेलं, पोकळ झाड सरपणाला पहिलं तुटतं, आणि ढोली नेमकी त्यातच असते. यावर प्रत्येक पाड्यावर बोलावं लागेल. रेंजरसमोर मान खाली घालायची वेळ आली तर ती याच गोष्टींमुळे येईल.

टीमला उत्तर पाठवलं आहे. त्यांच्यातल्या एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या अंदाजपत्रक बदलायला निधीवाल्यांची मंजुरी लागते, वेळ लागेल. आम्ही म्हटलं, लागू द्या. अहवालातल्या त्या एका शब्दाबद्दल पण विचारलं. त्या म्हणाल्या, आधीची टीम वेगळी होती. बरोबर आहे. पण ज्यांनी तो अहवाल लिहिला त्यांनाही आम्ही पत्र पाठवलंय, की काकाच्या नेवाडाबद्दल तुम्ही काय पाहिलं ते जिल्हा समितीला लेखी द्या. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू, नाही आलं तर तेही छापू.

सातही गावांच्या कारभाऱ्यांनी आणि वनहक्क समित्यांनी येत्या अमावास्येच्या आत ग्रामसभा लावाव्यात. ठरावाचा नमुना या अंकासोबत जोडला आहे. बायकांच्या सह्या-अंगठे निम्मे तरी पाहिजेत, नाहीतर ठराव परत येईल. आणि ज्यांचे दावे काकासारख्या शेऱ्यावर नामंजूर झालेत त्यांनी निर्णयाचा कागद घेऊन कार्यालयात या. जिल्हा समितीकडे अपिलाला ६० दिवस असतात. काकाचे २३ उरले आहेत.