मागच्या रांगेतील जागा

मी बेसूर आहे, हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी समजले, आणि तेही इंग्लंडमध्ये. तोपर्यंत आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी किमान सात वेळा भावगीते गायलो होतो आणि सातही वेळा मला भरघोस टाळ्या मिळाल्या होत्या. त्या टाळ्यांविषयीच आज थोडे लिहावयाचे आहे.

माझी मुलगी डर्बी येथे डॉक्टर आहे. तिच्याकडे गेलो असता नातीचे शाळेतील एक वाद्य कपाटात पडलेले दिसले. त्याचे नाव रेकॉर्डर. नावावरून ध्वनिमुद्रणाचे यंत्र वाटावे, परंतु ते आहे आपल्या अलगुजाचे चुलत भावंड. उभे धरून फुंकावयाचे, पुढे सात छिद्रे आणि मागे अंगठ्यासाठी एक. वेळ जाईना म्हणून नातीच्याच पुस्तकावरून मी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकू लागलो. दोन मुक्कामांत बरी प्रगती झाली, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता एकट्याने खोलीत वाजवणे पुरे." २०२३ च्या शरदात तिने मला एका निवासी वर्गात परस्पर दाखल केले. शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, रविवारी दुपारी पांगायचे आणि मधल्या वेळात रेकॉर्डरच्या वाद्यवृंदात वाजवायचे. भूलतज्ज्ञाला श्वास मोजून सोडता येत असणार, या हिशेबाने तिने माझ्यासाठी बेस रेकॉर्डर उसना आणला होता.

या वाद्याचा इतिहास मोठा रंजक आहे. आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या वस्तूंच्या यादीत ७६ रेकॉर्डर होते. पुढे दीड-दोन शतके हे वाद्य जवळजवळ विस्मरणात गेले. आर्नल्ड डॉल्मेच या वाद्यकाराजवळ अठराव्या शतकातील एक जुना नमुना होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर त्यांच्या लहान मुलाच्या हातून ती पिशवी राहून गेली. वाद्य हरवले म्हणून त्यांनी स्वतःच नवे घडविले आणि रेकॉर्डरला दुसरा जन्म मिळाला. १९३७ मध्ये हौशी वादकांची संस्था स्थापन झाली. तिच्या शाखांत आजही शिक्षक, सुतार, कारकून, निवृत्त आजीबाई एकत्र जमून वाजवतात.

आमच्या वर्गात चाळीसेक माणसे होती. वीतभर लांबीच्या सोप्रानिनोपासून पुरुषभर उंचीच्या कॉन्ट्राबेसपर्यंत सारे एकाच कुळातले. पहिला स्वरमेळ लागला तेव्हा एखाद्या प्रचंड पेटीच्या आत बसल्यासारखे वाटले. मात्र हे वाद्य अत्यंत प्रामाणिक, म्हणजे निर्दय आहे. फुंकर किंचित वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. शेजारी शेजारी दोन सूर जरासे वेगळे लागले की त्यांच्यात थरथर ऐकू येते. तंबोरा जुळविताना आपण ज्या थरथरीच्या शमण्याची वाट पाहतो, तीच ही. फरक एवढाच, की येथे खुंटी म्हणजे आपला स्वतःचा श्वास.

शनिवारी सकाळी अँथनी होलबोर्न यांची "फेअरी राउंड" ही पाच भागांतील नृत्यरचना समोर आली. १५९९ मध्ये लंडनला छापलेल्या त्यांच्या संग्रहातील ही चीज. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्ण तबकडीवर हीच रचना आहे, डेव्हिड मन्रो आणि त्यांच्या संचाने वाजविलेली. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे! चहाच्या वेळी मी हे सांगितले, तेव्हा तेथील मंडळींना होलबोर्न ठाऊक होते, केसरबाई नव्हत्या. मला केसरबाई ठाऊक होत्या, होलबोर्न नव्हते. असो. चाल मोठी फसवी. मात्रा दादऱ्यासारख्या सहा, परंतु त्या कधी तीन-तीन अशा पडतात, तर कधी दोन-दोन-दोन. वरचे भाग एक हिशेब धरतात, तेव्हा खालचे दुसरा धरून असतात. आपलेच मोजत बसलेला माणूस चौथ्या ओळीपर्यंत निश्चित हरवतो. मी दुसऱ्याच ओळीत हरवलो.

संचालिका वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी हात वर करून चाळीस माणसांना थांबविले आणि म्हणाल्या, "बेस, पुन्हा. फक्त बेस." आम्ही चौघे होतो. वाजविले. "पुन्हा." तिसऱ्या खेपेस त्यांनी माझ्याकडे पाहून माझ्या पहिल्या नावाने (तेथे मला कोणी डॉक्टर म्हणत नव्हते) सांगितले, की सूर चढा आहे, श्वास कमी करा आणि शेजारणीचे ऐका. माझे कान तापले. इतरांकडे चोरून पाहिले, तर कोणी पेन्सिलीने खुणा करीत होते, कोणी वाद्यात साचलेली वाफ पुसत होते. माझ्या चुकीत कोणालाही रस नव्हता. शेजारच्या बाई निवृत्त शाळाशिक्षिका होत्या. त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवून पुढल्या फेरीत मात्रा मोजून दिल्या. चौथ्या वेळी ती थरथर गेली.

त्या रात्री झोप आली नाही. गेल्या तीस वर्षांत चारचौघांत मला "चुकले, पुन्हा करा" असे कोण म्हणाले होते, हे आठवू लागलो. एकही नाव आठवेना. आठवली ती १९८४ मधील एक शस्त्रक्रिया. पल्स ऑक्सिमीटर आमच्याकडे नव्हता. बोट नाडीवर आणि डोळे रक्ताच्या रंगावर, एवढीच साधने. रुग्णाची मान वळविताना नळी आत सरकून उजव्या बाजूच्या श्वासनलिकेत गेली होती. मदतीस असलेल्या सिस्टरांनी हळूच विचारले, "रक्त जरा काळसर दिसते का?" मी मान वर न करता "ठीक आहे" म्हणालो. त्या गप्प राहिल्या. दोनएक मिनिटांनी सर्जन ओरडले, तेव्हा मी नळी मागे घेतली. रुग्ण सुखरूप घरी गेला. नंतर मी सिस्टरांना विचारले, पुन्हा का नाही सांगितलेत? त्या म्हणाल्या, "तुम्ही ठीक आहे म्हणालात ना, साहेब." ही गोष्ट मी आजवर कोठेही लिहिलेली नाही. त्या बाईंचा यत्किंचितही दोष नव्हता. मी ज्या सुरात उत्तर दिले, त्यानंतर दुसऱ्यांदा बोलण्याची सोयच उरली नव्हती.

आपला व्यवसाय आपल्याला हळूहळू एकल गायक बनवितो, असे माझे स्पष्ट मत आहे. वय वाढते तसे साथीदार अधिक अदबशीर होतात, आणि संमेलनातील टाळ्या हा त्याच अदबीचा सार्वजनिक भाग होय. यंत्रावर तयार संगीत लावून गाण्यात आणखी एक सोय आहे. ते यंत्र आपले ऐकत नाही आणि आपल्यालाही त्याचे फारसे ऐकावे लागत नाही.

यावर आक्षेप येईल, की आपल्याकडे सामूहिक संगीत नाही काय? आहे, आणि उत्तम आहे. वारीतील दिंडीत कोणी कोणाचा गळा तपासत नाही. परंतु त्या दिंडीत, किंवा गल्लीतील भजनी मंडळात, आपल्यापैकी किती डॉक्टर टाळ घेऊन उभे राहतात? आमच्या सौभाग्यवती गेली बावीस वर्षे जातात. मी त्यांना मोटारीने सोडून येतो. दुसरा आक्षेप अभिजाततेचा. तानसेन होता येत नसेल तर कानसेन व्हावे, हे वचन आपण आळसाचे पांघरूण म्हणून वापरतो. याच बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली, ती काही केवळ घराण्यांतील मुलांसाठी नव्हती. सामान्य नागरिकाने स्वरलिपी वाचून शिकावे, हा विचार या गावाला नवा नाही.

रविवारी दुपारी आम्ही "फेअरी राउंड" अखेरपर्यंत वाजविली. श्रोते कोणीच नव्हते, कारण सगळेच वाजवीत होते. शेवटच्या स्वरानंतर संचालिका "ठीक" म्हणाल्या आणि पुढचा कागद काढला.

मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे. येताना मी प्लास्टिकचे पाच रेकॉर्डर आणि स्वरलिपीची दोन पुस्तके आणली आहेत. बेसही नंतर मागविला. दिवाळीनंतर दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या दिवाणखान्यात बसावे. एक तरुण शिक्षिका शिकविण्यास तयार आहेत. कोणालाही, केव्हाही थांबविण्याचा पूर्ण अधिकार मी त्यांना आधीच देऊन ठेवला आहे. पहिले वर्षभर व्यासपीठ नाही. पूर्वानुभवाची अट नाही, तबीब असण्याचीही नाही. घरातील मंडळींनी, दवाखान्यातील सिस्टरांनी अवश्य यावे. चौघे आले तरी वरचे चार भाग होतात. बेस मी सांभाळीन.