काळूचं पाणी मागायला येतील, तेव्हा आधी भातसाचा हिशोब मागा



आम्ही उंबरमाळीकडचे. आमच्या शहापूर तालुक्यात धरणांची कमी नाय. तानसा आहे, 1892 सालचा, इंग्रजाच्या काळातला. मोडकसागर आहे. भातसा आहे. मुंबई जेवढं पाणी पिते त्यातलं अर्ध्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आणि चैत्र लागला की आमच्या बाया हंडा-कळशी घेऊन टँकरची वाट बघतात. टँकर विहिरीत पाणी ओततो, घटकाभरात विहिरीचा तळ दिसतो. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडूनच निघाली असेल.

म्हणून मुरबाडकडे काळू नदीच्या काठी राहणाऱ्या आमच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी भावाबहिणींना आम्ही हे लिहितो. धरण झाल्यावर काय होतं ते तुम्ही साहेबाला विचारू नका, आम्हाला विचारा.

काळू धरण कशासाठी? ठाणे, नवी मुंबई, कल्याणकडच्या वाढत्या शहरांसाठी. पैसा एमएमआरडीएचा, काम कोकण पाटबंधारे महामंडळाचं. बुडणार काय? हजार हेक्टरच्या आसपास जंगल, त्यातले आमचे पाडे, आमची भातखाचरं, नागली-वरईचे माळ. 2011 साली काम सुरूही केलं. जंगलखात्याची परवानगी नव्हती, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, तरी मशिनी लावल्या. आपल्यापैकी कुणी सरपणाची मोळी आणली तर गार्ड कोयता काढून घेतो. इथे झाडं पडली, डोंगर फोडला, तेव्हा गार्ड कुठं होता? शेवटी श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि मार्च 2012 मध्ये मुंबई हायकोर्टाने काम थांबवलं.

काम थांबलं, पण धरण कागदावरून गेलेलं नाय. म्हणून आता माणसं पाड्यावर येतात, गोड बोलतात. त्यांचं बोलणं तीन प्रकारचं असतं.

पहिलं म्हणतात, "जमीन जंगलखात्याची, तुमचा सातबारा कुठं? मिळतंय ते घ्या." खोटं आहे. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कसत असेल तर त्या प्लॉटवर त्याचा हक्क आहे, चार हेक्टरपर्यंत. दंडाची जुनी पावती चालते, म्हाताऱ्या माणसाचा जबाबही चालतो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाय. हा कायदा कुणी दान दिलेला नाय, मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन मिळवलेला आहे.

दुसरं म्हणतात, "पैसे मिळतील, पोरांना काम मिळेल." पैशाचं काय होतं? मोटारसायकल येते, लग्न होतं, दोन पावसाळ्यात पैसा संपतो. जंगल दर वर्षी देतं. पहिल्या पावसात शेवळं, मग कवळी, कुर्डू, अळंबी. उन्हाळ्यात करवंदं, मोहाची फुलं. नदीत मासे, चिंबोऱ्या. राबाला टहाळ. ह्याची किंमत पंचनाम्यात कुणी धरत नाय, कारण ह्याची पावती नाय. आणि माती वाहायचं काम धरण बांधून होईपर्यंतच. पुढे काय? दिवाळीनंतर वीटभट्टी.

तिसरं बोलणं सगळ्यात वाईट. "मुंबईच्या लोकांना पाणी नको का? तुम्ही विकासाच्या आड येता." आम्ही कुणाचं पाणी तोडायला निघालो नाय. झोपडपट्टीतली बाई पण आमच्यासारखीच हंडा घेऊन रांगेत उभी असते, ती आमची बहीण आहे. पण शंभर वर्षांपासून पाणी जातंय आणि तिची रांग अजून का हटत नाय? मुंबईत पाव हिस्सा पाणी गळती आणि चोरीत जातं असं पालिकेचेच लोक सांगत आलेत. चार हंड्यांतला एक वाटेत सांडतो. फुटका हंडा बुजवायचा का दुसऱ्याची विहीर बुडवायची, हे सरकारने सांगावं.

मुळशीत 1921 साली लोक सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणापुढे सत्याग्रहाला बसले. तरी धरण झालं. तेव्हा गावाच्या "नाय"ला कायद्यात जागा नव्हती. आज आहे. ओरिसात नियमगिरीच्या डोंगरावर कंपनीला बॉक्साइट पाहिजे होतं. सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभा "नाय" म्हणाल्या. डोंगर अजून उभा आहे. ते डोंगरिया कोंध आपल्यासारखेच, डोंगराला देव मानणारे, शाळा कमी शिकलेले.

तेव्हा आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, कोऱ्या कागदावर सही नाय, अंगठा नाय. सर्व्हेचा असो, रेशनचा असो, "हजेरीचा आहे" असं सांगोत. आधी मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा नसेल तर संघटनेच्या पोरांना बोलवा.

दुसरी गोष्ट, 1 मेच्या ग्रामसभेला घरटी सगळे या. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. दोन-चार जणांनी ऑफिसात बसून केलेला ठराव मानू नका. आपल्या पाड्याची ग्रामसभा पाड्यावर भरवा.

तिसरी गोष्ट, ठराव आपल्या शब्दांत लिहा. नदी, वाघोबाचं ठिकाण, मसणवट, चराई, पायवाटा, सगळं नावानिशी घाला. पोच घ्या आणि एक प्रत घरात पत्र्याच्या पेटीत ठेवा.

चौथी गोष्ट, ज्यांचे दावे राहिलेत त्यांनी वनहक्क समितीकडे भरा. प्लॉटबरोबर गावाच्या सामूहिक जंगलाचा दावा पण करा. एकट्याचा प्लॉट विकत घेता येईल असं त्यांना वाटतं. सगळ्या गावाचं जंगल कुणाकडून विकत घेणार?

आणि जो कोणी पाड्यावर येऊन धरणाचे फायदे सांगेल, त्याला बसायला घोंगडी द्या, पाणी द्या. मग एवढंच म्हणा, "चल दादा, चैत्रात उंबरमाळीकडे जाऊ. भातसाच्या शेजारचे लोक काय पितात ते बघू. मग बोलू."

जिंदाबाद!